सुईची शाळा

सरकारी कागदावर त्या वर्गाचं नाव होतं 'किशोरवयीन मधुमेह शिक्षण कक्ष'. पोरं त्याला सुईची शाळा म्हणायची. खारी सांगवीच्या सरकारी दवाखान्यात एक्स-रेच्या खोलीला चिकटून एक अरुंद खोली होती, तिथं दर बुधवारी चार वाजता ही शाळा भरायची. फळा एक, सतरंजी एक, वजनकाटा एक आणि मास्तरीणही एकच, बेबी इंगोले. वय चौपन्न. तिला स्वतःला बाराव्या वर्षी हा आजार झाला. बेचाळीस वर्षं सुया टोचून तिच्या बोटांची टोकं चाळणीसारखी झाली होती. नवीन पोरगं रडायला लागलं की ती ती बोटं त्याच्यापुढं धरायची आणि म्हणायची, "मोज. जेवढे भोकं दिसतीन, तेवढ्या वेळा मी मेली नाही."

पोरगं मोजता मोजता रडायचं विसरायचं.

"बाजार समितीत तूर आली," ती सुरू करायची. "ओट्यावर थप्पी लागली. उचलून घराघरात कोन नेते?"

"हमाल!"

"आन हमालच नसले त?"

"तूर ओट्यावरच पडून राहीन."

"आन घरात?"

"उपाशी!" हे ओजस्वी गावंडे सगळ्यात आधी ओरडायची. तेरा वर्षांची, दोन वेण्या, तोंडाची फटाकडी.

"हे झालं आपलं दुखनं. साखर हे तूर. रक्त हा बाजार. इन्सुलिन हे हमाल. आपल्याच अंगातल्या शिपायांनी आपले हमाल मारून टाकले. बाजारात साखरेचा ढीग आन अंगातला कोपरा न् कोपरा उपाशी. कोनाचा दोष?"

"कोनाचाच नाही!"

"मायनं लाडानं पेढे चारले म्हून?"

"नाही!"

"मागल्या जन्माचं पाप?"

"नाही!"

हे ती तीनतीनदा वदवून घ्यायची, कारण घरी गेल्यावर याच्या उलट ऐकायला मिळणार हे तिला ठाऊक होतं. एक भाकर म्हणजे किती, एक केळं म्हणजे किती, हात थरथरले की काय खायचं, घाम फुटला की कोणाला सांगायचं, हे सगळं ती पोरांकडून पाढ्यांसारखं पाठ करून घ्यायची. पोरं चुकायची, हसायची, एकमेकांच्या सुया मोजायची. बेकरीवाल्याचा सुफियान तर म्हणायचा, "मॅडम, आमच्या घरात चारही बाजूनं खारी-टोस्ट आन मधात मी. अल्लानं मजाक केली माह्यासंगं."

मग राखण आली.

राखण म्हणजे दंडावर चिकटवायची, जुन्या पाच रुपयाच्या नाण्याएवढी चकती. तिच्या पोटात दोन कप्पे. एकात इन्सुलिन, म्हणजे हमाल. दुसऱ्यात एक नवं औषध, जे मूत्रपिंडाला सांगतं की रक्तातली जास्तीची साखर धरून ठेवू नको, लघवीवाटे सोडून दे. म्हणजे बाजारात माल साचलाच तर तो मागच्या मोरीतून वाहून जाणार. चकती दर मिनिटाला साखर मोजणार आणि दोन्ही कप्पे किती उघडायचे ते स्वतः ठरवणार. मनगटावर एक पट्टी. साखर ठीक असेल तर पट्टी हिरवी, बिघडली तर लाल. पट्टीला तोंडानं प्रश्न विचारता येई, ती मराठीत उत्तर देई. दोन वर्षांत जिल्ह्यातल्या प्रत्येक मधुमेही पोराच्या दंडावर ती बसली, आणि खरं बोलायचं तर तिनं पोरं वाचवली. झोपेत साखर उतरून मरणारी पोरं मरेनाशी झाली. बेबीताईनं हे कधी नाकारलं नाही.

तिचं भांडण वेगळ्याच गोष्टीशी होतं.

त्या उन्हाळ्यात दवाखान्याचे अधीक्षक डॉ. भिसे यांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. भिसे चौतिशीतला, हुशार, कामसू माणूस. वाईट नव्हता, आणि वाईट नसलेल्या माणसांनीच ही पुढची गोष्ट घडवली. भिंतीवर त्यांनी दोन रेघा दाखवल्या. एक करवतीच्या दातांसारखी, दुसरी तळ्याच्या पाण्यासारखी सपाट.

"ही वरची तुमच्या वर्गातल्या मुलांची," भिसे म्हणाले. "खालची, ज्यांना काहीच शिकवलेलं नाही त्यांची."

"म्हंजे?"

"म्हणजे तुमची मुलं मध्ये हात घालतात, ताई. थोडं गरगरलं की साखर खातात. संशय आला की राखण थांबवतात, बोट टोचून बघतात. यंत्राचा हिशेब बिघडतो. ज्यांना काही कळत नाही, त्यांची साखर सगळ्यात छान राहते. हे मी नाही म्हणत, अठरा जिल्ह्यांचे आकडे म्हणतात."

"आकडा खोटं नाही बोलत साहेब," बेबीताई म्हणाली. "पन अर्धंच बोलते. राखण साखर मोजते. रक्त आंबट झालं का नाही, हे मोजते का?"

"साखर ताब्यात असल्यावर रक्त कशाला आंबट होईल?"

या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडं होतं. पण भिसेंचा फोन वाजला, आणि ते उत्तर केबिनमध्ये उभं राहून उभंच राहिलं.

जुलैच्या पहिल्या बुधवारी पोरं सतरंजीवर बसली होती. बेबीताईनं फळ्यावर लिहिलं, 'आंबट रक्त'. खाली रेघ मारली.

"आता हा धडा सगळ्यात मोठा. नीट आयका. घरात तूर पोचली नाही त घर काय करीन? चूल त पेटवा लागते. मंग घरातल्याच खिडक्या-दारं तोडून जाळते. अंग आपलीच चरबी जाळते. त्याचा जो धूर निंघते ना—"

"आमच्या भट्टीसारखा?" सुफियान.

"तुह्या भट्टीतून पाव तरी निंघते बे. इथून नुसतं आम्ल निंघते. रक्त आंबट होते. आन याची गंमत अशी का—"

दार उघडलं. भिसे होते, हातात कागद. मुलांकडं पाहून हसले. "चला, आजपासून सुट्टी! सुईची शाळा बंद. आता तुम्हाला काही लक्षात ठेवायची गरज नाही."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. कोणतं पोरगं शाळा बंद झाल्यावर टाळ्या वाजवत नाही? ओजस्वी तेवढी बसून राहिली.

"मॅडम, गंमत काय हाय? सांगा ना."

"पुढच्या बुधवारी—" बेबीताई बोलून गेली, आणि मग तिला आठवलं की पुढचा बुधवार नाही.

कागदावर लिहिलं होतं की राखणधारी बालकांस किंवा त्यांच्या पालकांस आजाराविषयी कोणताही तोंडी वा लेखी सल्ला देणार नाही. खाली तिची सही हवी होती. सही न करणाऱ्याची बदली गडचिरोलीच्या पार टोकाला होणार होती, आणि घरी तिचा नवरा अर्धांगानं पडून होता. तिनं सही केली. मनातल्या मनात भिसेला, स्वतःला आणि त्या सपाट रेघेला शिव्या घातल्या. मनातल्या शिव्यांनी काय होतं? तिला केसपेपरच्या खिडकीवर बसवलं.

ऑगस्ट अर्धा सरला. हरतालिकेला दोन दिवस होते. खिडकीपुढं तापाच्या पेशंटची रांग लागली होती आणि रांगेची तक्रार आली म्हणून भिसे स्वतः बेबीताईच्या खुर्चीमागं येऊन उभे होते. रांगेत ओजस्वी आणि तिची आई रूपाली. आजीच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या न्यायला आल्या होत्या.

"बेबीमॅडम!" ओजस्वीनं गजातून तोंड आत घातलं. "मी औंदा उपास धरून राहिली. निर्जळ! आमच्या वर्गातल्या समद्या पोट्ट्या धरून राहिल्या. वाळूची गौर करू, पूर्णेवर जाऊ, फुगड्या खेळू."

"नवरा पाह्यजे व तुले आत्तापासून?" रांगेतली एक बाई म्हणाली.

"नवरा नाही, फुगड्या पाह्यजे." रांग हसली.

रूपाली मात्र हसली नाही. ती खिडकीशी वाकली, आवाज बारीक केला. "ताई, मागच्या दोन वर्सी मी नाही धरू देला. मंग बाया इचारतात, पोरीले काय हाय म्हून. आमी कोनाले सांगतलं नाही ना. उद्या लग्नाचं पाहा लागते. राखण बाहीखाली झाकून जाते, पट्टी घड्याळासारखी दिसते. पन उपास नाही धरला का बाया वळखतात. धरू देऊ का?"

बेबीताईच्या जिभेवर सगळं आलं. धरू दे बाई उपास, पन पानी पेऊ दे. केळं खाऊ दे. आन निर्जळच धरायचा असन त आधी राखणचा तो दुसरा कप्पा बंद कर. जेवण नाही म्हणून साखर चढणार नाही, साखर चढणार नाही म्हणून राखण इन्सुलिन आवळून धरेल, दुसरा कप्पा उरलीसुरली साखर मोरीतून काढत राहील, संगं अंगातलं पाणीही. आकडा सोन्यासारखा दिसेल आणि आत घराच्या खिडक्या जळत असतील. हीच ती गंमत. हाच तो धडा.

खुर्चीमागं भिसे घसा खाकरले. मुद्दाम खाकरले की सहज, हे तिला पुढं कधीच कळलं नाही.

"यंत्राले इचार," बेबीताई म्हणाली.

ओजस्वी तिच्याकडं पाहत राहिली. मग तिनं मनगट तोंडाशी नेलं. "राखण, मी उपास धरू का?"

"तुमची साखर उत्तम आहे," पट्टी गोड आवाजात म्हणाली. "राखण सर्व सांभाळेल. काळजी नको."

"पाह्यलं?" पोरगी आईला म्हणाली आणि उड्या मारत गेली. बेबीताईनं पुढचा केसपेपर ओढला. नाव काय, वय किती, गाव कोणतं.

गणपतीच्या दिवशी सकाळी साडेदहाला ढोल-ताशांच्या गर्दीतून एक ऑटो दवाखान्यात शिरला. रूपालीनं ओजस्वीला काखेत धरून उतरवलं. पोरगी पहाटेपासून ओकत होती, पोट धरून वाकली होती. डोळे खोल गेलेले, ओठ वाळून फाटलेले. आणि श्वास! बसल्या जागी धावत असल्यासारखा, खोल, भसाभस. मनगटावरची पट्टी हिरवीगार.

"साखर एकशे अठरा," भिसे म्हणाले. "छान आहे. उपास सुटल्यावर काय खाल्लं?"

"काईच नाही टिकत पोटात, साहेब. पानी बी नाही."

"रिकाम्या पोटाचं पित्त आहे. उलटीचं इंजेक्शन देतो, तासाभरात खेळायला लागेल."

बेबीताई खिडकी सोडून आत आली होती. खाटेपासून चार हातांवर ती थांबली. तो वास तिला तिथूनच आला. जास्त पिकून सडायला लागलेल्या फळाचा, नखांचा रंग पुसायच्या औषधाचा. बेचाळीस वर्षांपूर्वी तिच्या स्वतःच्या तोंडाला हा वास होता आणि तिच्या आईनं बाहेरचं समजून तिच्यावरून लिंबू उतरवलं होतं.

"साहेब, रक्त आंबट झालं पोरीचं."

"ताई, एकशे अठरा."

"एकशे अठराच राहीन! ते तुमची चकती साखर मुतावाटे सोडून राहिली, मंग चढन कुठून? लघवी तपासा. ते आंबटपणा दाखवणारी कागदी पट्टी बुडवा. पाचशे रुपये पैज लावते."

"त्या पट्ट्या दोन वर्षांपासून येत नाहीत. लागतच नाहीत ना."

तिच्याकडं होत्या. क्वार्टरमध्ये, जुन्या शाळेच्या पेटीत. ती पळाली. चौपन्नाव्या वर्षी, पायात बधिरपणा असलेली बाई आरतीच्या आवाजातून पळाली आणि पट्ट्यांची बाटली, फ्रिजमधली आपली स्वतःची इन्सुलिनची कुपी आणि एक सुई घेऊन आली. ओजस्वीच्या लघवीचे जेमतेम दोन चमचे निघाले. कागदी पट्टी बुडवली. रक्त जितकं आंबट, तितका तिचा रंग गडद. गुलाबी व्हायची तर जांभळी झाली, जांभळीची काळी झाली.

भिसेंनी बाटली हातात घेतली. "मुदत संपून चौदा महिने झालेत."

"साहेब, पट्टीची मुदत संपली. पोरीची संपायची हाय."

भिसेंचा चेहरा पडला. त्यांना पटलं होतं. पण पटणं वेगळं आणि करणं वेगळं. राखण लावलेल्या रुग्णाला बाहेरून इन्सुलिन द्यायचं तर राखण चालवणाऱ्या केंद्राची परवानगी लागते. त्यांनी सलाइन लावलं आणि केंद्राला फोन लावला. सुट्टीचा दिवस. तिकडून तोच गोड आवाज बोलला. रुग्णाची साखर मर्यादेत आहे. हस्तक्षेपाची शिफारस नाही. माणसाशी बोलायचं असल्यास कृपया थांबा. भिसे थांबले. पंचवीस मिनिटं थांबले.

ओजस्वीनं डोळे उघडले. "मॅडम," ती दोन श्वासांच्या मधे म्हणाली. "गंमत... नाही सांगतली तुमी."

बेबीताईनं पोरीच्या दंडावरची राखण नखांनी उचकटून काढली.

मनगटावरची पट्टी लाल झाली. कर्कश ओरडायला लागली. पोरगी मरणाच्या दारात असताना दोन दिवस हिरवी राहिलेली ती पट्टी, चकती काढल्याबरोबर लाल झाली. बेबीताईनं स्वतःच्या कुपीतून इन्सुलिन ओढलं आणि टोचलं. भिसेंनी तिला अडवलं नाही. साखर उतरू नये म्हणून त्यांनी निमूट साखरेची बाटलीही चढवली, स्वतः अ‍ॅम्ब्युलन्समध्ये बसले. पण उशीर झाला होता. अमरावती तेरा किलोमीटर राहिलं असताना ओजस्वीचा तो धावणारा श्वास थांबला.

रूपालीनं रडताना एकच वाक्य लावून धरलं होतं. "हिरवं होतं व माय. हिरवं होतं."

चौकशी झाली, नऊ दिवसांत निकालही लागला. बेबीताईला समोर बसवून रेघ दाखवण्यात आली. सपाट, सुंदर, तळ्याच्या पाण्यासारखी. अकरा वाजून बावीस मिनिटांपर्यंत सपाट. तिथं राखण काढल्याची खूण. तिथून पुढं काहीच नाही.

"मृत्यू राखण काढल्यानंतर झाला," चौकशी करणारी बाई म्हणाली. "हे तुम्हाला मान्य आहे?"

"मान्य हाय," बेबीताई म्हणाली. "पन मरन आदल्या दिवशीपासून चालू होतं."

"त्याचा काही पुरावा?"

पुरावा म्हणजे मुदत संपलेली एक काळी पट्टी. भिसे मान खाली घालून बसले होते. ते म्हणाले, "मी अडवायला हवं होतं." त्यांना काय म्हणायचं होतं देव जाणे, लिहिणाऱ्यानं मात्र त्याचा जो अर्थ लिहायचा तोच लिहिला. बेबीताई निलंबित झाली. अहवालात एक आकडा वाढला. प्रशिक्षित व्यक्तीच्या हस्तक्षेपामुळे झालेले मृत्यू, एक. राखणमुळे झालेले, शून्य. अठरा जिल्ह्यांच्या रेघांमध्ये ही रेघही गेली, आणि जे आधीच सिद्ध झालं होतं ते आणखी पक्कं झालं. ज्याला कळतं, तोच मारतो.

पंधरा दिवसांनी गावंडेंच्या घरी एक छापील प्रशस्तिपत्र आलं. 'कु. ओजस्वी हिची साखर सलग अठरा महिने उत्तम ताब्यात राहिल्याबद्दल अभिनंदन.' यंत्राला कोणी सांगितलंच नव्हतं. रूपालीनं ते फाडलं नाही. ती ते घेऊन बेबीताईच्या दारात आली, दारातच उभी राहिली.

"तुमाले माहीत होतं," ती म्हणाली. "खिडकीवर. तुमाले तवाच माहीत होतं ना?"

बेबीताईला खोटं बोलता आलं असतं. "हो," ती म्हणाली.

रूपालीनं प्रशस्तिपत्र उंबऱ्यावर ठेवलं आणि गेली. थुंकली असती तर बरं झालं असतं.

पुढचा बुधवार आला. चार वाजता बेबीताई घरातून निघाली ती सरळ बेकरीवर गेली. सुफियान गल्ल्यामागं बसून टोस्ट भरत होता, बाहीखाली चकती, मनगटावर पट्टी. रमजानचा चांद दिसायला आठवडा उरला होता. यंदा पहिल्यांदाच महिनाभराचे रोजे धरायचे, असं त्यानं मोहल्ल्यात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

"धडा अर्धा राह्यला होता," ती म्हणाली. "फळ्यावरचा."

त्यानं आत बापाकडं पाहिलं. बाप भट्टीशी होता. तिनं उभ्यानंच सांगायला सुरुवात केली. घर, खिडक्या, जाळ. रोजा धरायचा तर धर, पण आधी मोठ्या डॉक्टरला विचारून दुसरा कप्पा बंद करून घे. सहेरीला पाणी किती, इफ्तारला काय. पोटात दुखलं, ओकारी आली, श्वास धावायला लागला, तर रोजा तिथंच सोड, आकडा कितीही असो. आकड्याला विचारू नको, अंगाला विचार. तिनं उरलेल्या पट्ट्यांची बाटली गल्ल्यावर ठेवली.

"म्हून दाखव."

सुफियाननं म्हणून दाखवलं. एक शब्द चुकला नाही. तो पहिल्यापासून हुशार. मग त्यानं आवाज बारीक केला. "मॅडम, लोक म्हंतात तुमी मशीन काढलं म्हून ओजी मेली."

"लोक म्हंतात. तू काय म्हंतो?"

तो पुन्हा टोस्ट भरायला लागला. आतून बाप आला, पिठाचे हात पुसत. त्यानं बेबीताईला आदबीनं सलाम केला, तेवढ्याच आदबीनं पट्ट्यांची बाटली उचलून तिच्या पिशवीत परत ठेवली. "मॅडम, तुमी लई केलं आमच्या पोरासाठी. पन आता ऱ्हाऊ द्या. बच्चा डरते."

बेबीताई पायरी उतरली. मागून सुफियाननं हाक मारली. तिचा चेहरा त्याला पाहवला नसावा. त्यानं मनगट वर करून दाखवलं, तिला धीर द्यायला, लहान मुलाला समजवावं तसं.

"टेन्शन घेऊ नका मॅडम. पाहा. हिरवं हाय."